मिझुनो सेन्सेईंचा आर्गुन

मिझुनो सेन्सेईंनी मला शिकवलेला पहिला जपानी शब्द 'नमस्कार' नव्हता, 'सुतळी' होता. हिमो.

आम्ही इचिकावात राहायला आलो तेव्हा स्टेशनच्या आसपास मराठी कानावर पडणं नवलाचं राहिलं नव्हतं. पुण्या-मुंबईची मुलं जपानी बँकांच्या प्रोजेक्टवर येत होती आणि त्यांच्यामागून आम्ही बायका. नवरे सकाळी टोकियोच्या गाडीत शिरायचे ते जेवायच्या वेळेलाच परत उगवायचे. मुंबईत मी बँकेत कामाला होते. इथे माझ्या व्हिसावर 'अवलंबित' असं लिहिलेलं होतं, आणि आल्या आल्या कचऱ्याच्या गाडीवाल्यांनी माझी रद्दी लाल चिठ्ठी चिकटवून जागच्या जागी ठेवून दिली होती. चिठ्ठीवर काय आहे ते मला वाचता येत नव्हतं. सगळी इमारत त्या ढिगाला वळसा घालून जात होती.

शेजारच्या एका तमिळ बाईने सांगितलं, कोमिनकानमध्ये, म्हणजे वस्तीच्या सभागृहात, परदेशी बायकांना जपानी शिकवतात. मी ती लाल चिठ्ठी पर्समध्ये घालून गेले. समोर एक बुटक्या, काटकुळ्या बाई होत्या, त्याच मिझुनो सेन्सेई, म्हणजे शिकवणाऱ्या बाई. पासष्टीच्या पुढच्या असाव्यात. पांढरे केस कानापर्यंत कापलेले आणि हाताचे अंगठे मात्र गवंड्यासारखे रुंद. त्यांनी चिठ्ठी वाचली, कोपऱ्यातली वर्तमानपत्रं उचलून माझ्यापुढे ठेवली आणि वर एक सुतळी टाकली.

"हिमो," त्या म्हणाल्या.

मग माझी बोटं धरून त्यांनी रद्दी बांधून घेतली. आडवा फेरा, उभा फेरा, गाठ. सोडली. पुन्हा. त्या तासाला पुस्तक उघडलंच नाही. पुढच्या आठवड्यात मला दारातच त्यांनी विचारलं, "गेली?" मी म्हटलं, "गेली." माझं जपानीतलं पहिलं संभाषण ते.

"आधी हात, मग तोंड," असं त्या म्हणायच्या. 'समजलं का?' हे मात्र त्यांनी कुणालाच कधी विचारलं नाही. समजलं की माणूस हलतो, ते दिसतं, असं त्यांचं म्हणणं. माझं नाव मृणाल. जपानी जिभेवर त्याचं 'मुरिनारु-सान' झालं आणि त्यांच्या तोंडी ते इतकं लांबत जायचं, की एखाद्या दूरच्या गावाला हाक मारल्यासारखं वाटे.

त्यांचे हात रिकामे राहू शकत नसत. कोनबिनीतल्या, म्हणजे नाक्यावरच्या चोवीस तास दुकानातल्या डब्याची रिबन, खोक्यावरची प्लास्टिकची पट्टी, जुन्या उशीच्या खोळीची चिंधी, काहीही हाताला लागलं की त्या ते मांडीवर तळव्याने लाटून त्याचा दोर वळायच्या. गाडीत बसल्या तरी तेच. शेजारचे लोक न बघितल्यासारखं करत. दोर झाला की एक टोक दातात धरून हिसका द्यायच्या आणि मान डोलवायच्या. सभागृहाच्या किल्लीला त्यांचा दोर होता, सायकलच्या टोपलीला होता, आमच्या सगळ्यांच्या छत्र्यांना होते.

आणि त्यांना सदा थंडी वाजायची. वसंतात चेरी बघायला लोक पातळ शर्टात निघत, तेव्हाही यांच्या अंगात दोन स्वेटर. ऑगस्टात मात्र अख्खं इचिकावा घामाने पेंगत असताना या टवटवीत व्हायच्या. आम्ही सावली शोधत चालायचो आणि त्या रस्त्याच्या उन्हाच्या बाजूने, डोळे अर्धवट मिटून, कुणीतरी हात धरून नेत असल्यासारख्या चालायच्या.

त्या कुठे निघालेल्या असायच्या ते मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

जुनं, भाड्याचं, लाकडी घर होतं. बागेच्या बाजूला एनगावा, म्हणजे काचबंद ओसरी. काचेतून ऊन इतकं आत यायचं की दार सरकवल्याबरोबर डोळे मिटायचे. डोळे उघडले तेव्हा ओसरीच्या मधोमध मला मातीचा एक जाड, माझ्या कंबरेएवढा उंच नळ उभा दिसला. त्यातून एक झाड वर गेलं होतं. पिवळसर देठ, आणि पानं पंख्यासारखी, निळसर राखाडी, कडक. वरचं पान छताला टेकून वाकलं होतं.

"ताड?" मी विचारलं.

"ताडाचा नातेवाईक," त्या म्हणाल्या. "आर्गुन."

सुदान आणि इजिप्तच्या मधल्या वाळवंटात, कोरड्या नद्यांच्या पात्रांत हा माड वाढतो. फार थोडे उरलेत. इजिप्तच्या जुन्या थडग्यांत मेलेल्यांसोबत त्याची फळं ठेवलेली सापडतात. हे सगळं त्यांनी मला हळूहळू, कित्येक दुपारी मिळून सांगितलं. सांगताना त्या माझ्याकडे बघत नसत. काचेकडे बघत. मध्येच थांबत, आणि मला वाटे झोपल्या, पण पुढचं वाक्य बरोबर मागच्याला जोडून येई.

त्यांचे यजमान विहिरी खोदणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते. मिझु म्हणजे पाणी. "आडनावात पाणी आहे म्हणून साहेबांनी मला पाठवलं, असं ते सगळ्यांना सांगायचे," सेन्सेई म्हणाल्या. लग्न नुकतंच झालेलं. वाळवंटाच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या. यजमान यंत्राबरोबर दिवसभर लांब, आणि या एकट्या. भाषा येत नाही, जायला जागा नाही.

"तुमच्यासारखीच," त्या मला म्हणाल्या. "पण तिथे कचऱ्याची गाडी नव्हती."

जवळच उंटवाल्यांची पालं पडत. त्यांतली आमना नावाची बाई एके दिवशी पाण्याचा डबा मागायला आली, आणि डबा घेऊन न जाता बसूनच राहिली. तिने आपल्या पदरातून आर्गुनच्या पानाच्या ओल्या पट्ट्या काढल्या आणि यांची बोटं धरून त्यांत घातली. त्या पानाचा दोर मऊ होतो, उंटाच्या नाकाला काचत नाही, ओझ्याला तुटत नाही. पट्ट्यांची वेणी घालतात, वेण्या एकमेकींना शिवून चटया करतात, आणि त्या चटयांनी तंबूच्या भिंती होतात. फळं खायची तर ती काही दिवस वाळूत पुरून ठेवायची, मग आतली बी खोबऱ्यासारखी लागते. आमनाने हे सगळं करून दाखवलं. शब्द मागून आले.

"तिथे दुपारी आवाज नसायचा," सेन्सेई म्हणाल्या. "आवाज नसला की डोळ्यांना फार लांबचं दिसतं. आमना विणता विणता कुणीतरी येतंय म्हणायची. मला काही दिसायचं नाही. चहा होऊन जायचा, भांडी धुऊन व्हायची, आणि मग खरंच एक उंट यायचा."

त्यांच्यात लग्न झालेल्या मुलीच्या तंबूची चटई तिच्या माणसांतल्या बायका विणतात. या जपानी मुलीचं तर कुणीच नव्हतं. मग आमनाने आणि तिच्या बहिणींनी ती विणायला घेतली. सेन्सेई सोबत बसून आपल्या हाताने विणायच्या. चटई निम्मी झाली असेल. तेवढ्यात काम बंद पडलं. विहिरींना लागलेलं पाणी खारट निघालं होतं, यजमान तापाने पडले होते, आणि जीप दारात उभी होती. आमनाने अर्धी चटई गुंडाळून जीपमध्ये टाकली. वाळूत पुरलेली फळं उकरली आणि यांच्या ओंजळीत दिली.

"वाटेत खायला दिली होती," त्या म्हणाल्या. "मी खाल्ली नाहीत."

जपानात आल्यावर त्यांनी चटई पुरी करायला दुसरी पानं घेऊन बघितली. इथल्या बागांत शुरो नावाचा माड असतो, त्याचं पान वाळलं की मोडायचं. तातामीचं, म्हणजे घरात जमिनीवर अंथरतात त्या चटयांचं गवत आमनाच्या वेणीत बसेना. मग त्यांनी बिया लावल्या. एकच उगवली. या झाडाचं मूळ आधी सरळ खोल जातं आणि मग पान वर येतं, म्हणून यजमानांनी विहिरीच्या कामातला मातीचा नळ आणून दिला. पुढे यजमान गेले. झाड वाढत राहिलं, पण इतकं सावकाश की वर्षाकाठी एखादं पान वाळायचं. ते वाळलं की सेन्सेई ते कापत, आंघोळीच्या टबात भिजत घालत, सुईने चिरून पट्ट्या करत आणि चटईला थोडी वेणी वाढवत. हिरवं पान त्यांनी कधी कापलं नाही. दोन-तीन जपानी बायकांना त्यांनी हे सांगून पाहिलं होतं, त्यांनी "किती छान छंद" म्हटलं. तेव्हापासून त्या सांगत नव्हत्या.

माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, त्यांना मी एकदा घेऊन गेले. आई सिन्नरजवळच्या गावातल्या. घरात बसून कंटाळल्या होत्या. सेन्सेईंनी न उगवलेल्या जुन्या बिया दाखवायला काढल्या. आईंनी एक हातात घेतली, खाली-वर करून पाहिली, पिशवीतून अडकित्ता काढला आणि मी काही म्हणायच्या आत दोन्ही हातांनी दाब देऊन तिचे दोन तुकडे केले. आत पांढऱ्यावर तपकिरी रेषांचं जाळं.

"अगं, ही तर सुपारी," आई म्हणाल्या, आणि एक खांड तोंडात टाकलं.

मी कसंबसं भाषांतर केलं. सेन्सेईंनी तोंडावर हात ठेवून हसून घेतलं, आणि दुसरं खांड आपल्या तोंडात टाकलं. ती बी चाळीस-एक वर्षांची असेल, दगड झालेली. दोघी एकेक गाल फुगवून उन्हात बसून राहिल्या. एकीला मराठीशिवाय काही येत नव्हतं, दुसरीला मराठी येत नव्हतं, आणि तोंडात सुपारी असल्यामुळे दोघींची सोयच झाली.

पुढे आई माझ्याशिवायच जायला लागल्या. त्यांच्या माहेरी शिंदीच्या पानांचे फडे आणि चटया करत असत, लहानपणी त्या बघत बसायच्या. त्या पानं नखाने चिरून द्यायच्या, सेन्सेई विणायच्या. एकदा मी न्यायला गेले तर आई चटईच्या मधल्या एका वेणीवर बोट ठेवून बसल्या होत्या.

"मृणाल, त्यांना सांग, इथं चुकलंय. एक पट्टी वरून जायची ती खालून गेलीय. उसवून देऊ का?"

सेन्सेईंनी वाकून पाहिलं. "ती माझी पहिली वेणी," त्या म्हणाल्या. "आमनालाही दिसली होती. तिनेही उसवली नाही. राहू दे."

आईंना ते पटलं नाही, पण त्यांनी बोट उचललं.

आई परत गेल्या आणि त्या हिवाळ्यात घरमालकांनी सेन्सेईंना कळवलं की घर पाडून तिथे फ्लॅट बांधायचे आहेत. सेन्सेईंना स्टेशनजवळ तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळत होती. तिची खिडकी उत्तरेला होती. झाडाचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. माझी कॉलेजातली मैत्रीण शाल्मली क्योतोला वनस्पतींवर पीएचडी करत होती. मी तिला फोनवर सांगितलं, तिने आपल्या प्राध्यापकांना सांगितलं, आणि ते पुढच्याच रविवारी इचिकावात हजर झाले. उंच, लाजरे गृहस्थ. ओसरीत शिरले आणि थेट झाडापुढे गुडघ्यावर बसले. नळाला तडा गेला होता आणि फटीतून मूळ बाहेर आलं होतं, त्याला हातही न लावता ते बघत राहिले.

"आमच्या काचघरात याला उंची मिळेल, ऊब मिळेल," ते म्हणाले. "मी स्वतः बघेन."

"पानं?" सेन्सेईंनी विचारलं.

"कुणी हात लावणार नाही."

"मी लावते हात. वाळलेलं पान मला लागतं."

प्राध्यापक अडखळले. "वाळलेली पानंही अभ्यासासाठी ठेवावी लागतील, सेन्सेई. असं झाड देशात दुसरं नसेल."

"मग नको," सेन्सेई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आमनाच्या माणसांना याचं पान लागत होतं, म्हणून ती याला ओळखत होती. उंट फिरकू देत नव्हती, मधला कोंभ कुणाला तोडू देत नव्हती. तुम्ही याला जपाल, ते मला दिसतंय. पण याचं काही केलं नाही, तर हे नुसतं उभं राहील."

प्राध्यापकांनी चटई बघायला मागितली. सेन्सेईंनी ती उलगडली. ते पुन्हा गुडघ्यावर बसले, आणि उठले तेव्हा म्हणाले, "वाळलेलं पान तुमचं. मी वरिष्ठांशी बोलेन."

मार्चमध्ये ट्रक आला. नळ फोडावा लागला. मूळ आतून गोल गोल फिरून नळाचाच आकार घेऊन बसलं होतं. सेन्सेई ट्रकच्या मागे कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता स्वेटर आणखी एक लागेल."

उन्हाळ्यात क्योतोहून खोकं आलं. त्यात पानं होती. एक नाही, चार. पुढच्या महिन्यात आणखी. झाडाने जागा बदललेली सोसली नव्हती, एकेक पान वाळून खाली येत होतं. प्राध्यापकांनी सोबत दोनच ओळी लिहिल्या होत्या, माफीच्या. सेन्सेईंनी खोकं उत्तरेच्या खिडकीखाली ठेवलं आणि उघडलं नाही. त्या वर्गाला येत, शिकवत, पण हात मांडीवर उपडे ठेवून बसत. त्यांच्या हातात काही नाही हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"एवढी पानं मला कधी मिळाली नव्हती," त्या एकदा म्हणाल्या. "चटई पुरी होईल. पण मग झाड गेलेलं असेल. अशी मला नको."

त्या रविवारी आईंचा फोन होता. त्या नेहमी विचारत, जपानी ताईंची चटई कुठवर आली. मी सगळं सांगितलं.

"मधला कोंभ हिरवा आहे का?" आईंनी विचारलं.

मी शाल्मलीला विचारून कळवलं. हिरवा होता.

"मग त्यांना सांग, झाड मरत नाहीये. शिंदी उपटून दुसरीकडे लावली की अशीच करते. सगळी पानं टाकते आणि कोंभ राखते. मी लहानपणी रडले होते तेव्हा मामांनी दाखवलं होतं मला. जगण्यासाठी टाकलेली पानं आहेत ती. तशी ठेवून कशाला द्यायची? विणा म्हणावं."

मी सेन्सेईंच्या खोलीवर जाऊन हे शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. शिंदी म्हणजे काय ते सांगायला जपानी शब्द नव्हता, तेव्हा मी 'तुमच्या आर्गुनची गावाकडची बहीण' असं काहीतरी म्हटलं. सेन्सेईंनी ऐकून घेतलं. नंतर 'चहा घेणार का' म्हणाल्या. चहा झाला, कप धुऊन झाले. मग त्या उठल्या आणि टबाचा नळ सोडला. मी खोकं उघडलं आणि आम्ही दोघींनी पानं पाण्यात सोडली. भिजल्यावर त्यांना वास आला, ओल्या गोणपाटासारखा, थोडा गोडसर. सेन्सेई टबाच्या काठावर बसून डोळे मिटून तो घेत राहिल्या.

पुढचा हिवाळाभर त्या विणत होत्या. मीही बसायचे. आमचं बोलणं फारसं व्हायचं नाही. बाहेर गाड्या जायच्या, खिडकीतून करडा उजेड यायचा, आणि त्या मध्येच एखादा शब्द म्हणायच्या जो जपानी नसायचा. तेवढ्याने खोलीतली थंडी कमी व्हायची, निदान मला तसं वाटायचं.

वसंतात आमचं परतायचं ठरलं. बँकांचे प्रोजेक्ट एकामागून एक बंद होत होते, नवऱ्याचं कामही संपलं. निघण्याआधी मी सेन्सेईंबरोबर क्योतोला गेले. चटई गुंडाळून त्यांनी शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, खिडकीच्या सीटवर उभी ठेवली होती आणि स्वतः मधल्या सीटवर बसल्या होत्या.

काचघराच्या कोपऱ्यात, वाळवंटी झाडांच्या भागात, आर्गुन उभा होता. बोडका. बुंध्याच्या डोक्यातून एकच हिरवा कोंभ भाल्यासारखा वर आलेला. प्राध्यापकांनी त्यावर पेन्सिलीने एक बारीक खूण केली होती. खूण आता बुडापासून वर सरकली होती.

"जगेल," ते म्हणाले. "पण फार हळू."

"त्याला घाई कधीच नव्हती," सेन्सेई म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, भिंत उभी करू का. प्राध्यापकांना आधी कळलं नाही. सेन्सेईंनी हातांनी दाखवलं. दोन विद्यार्थ्यांनी बांबूच्या काठ्या आणल्या, वाकवून वाळूत रोवल्या, आणि सेन्सेईंनी आपल्या दोरांनी चटई वरून बांधली. दोन माणसांना दाटीने बसता येईल एवढा आडोसा झाला. त्या बूट काढून आत शिरल्या आणि मला हात धरून ओढलं.

आत वेगळाच उजेड होता. वेण्यांच्या फटींतून तो बारीक बारीक होऊन अंगावर पडत होता. विद्यार्थ्यांचे आवाज एकदम लांब गेल्यासारखे झाले. उन्हाने तापलेली पानं कुरकुरत होती. सेन्सेई पाय लांब करून चटईकडे बघत होत्या. आमनाचा भाग काळसर, आणि तिथून पुढे त्यांचा, फिकट होत गेलेला.

"लग्नानंतर इतक्या वर्षांनी घर मिळालं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मुरिनारु-सान, तुमची गाडी."

त्या वर्षी त्या क्योतोलाच राहायला गेल्या. काचघरात विद्यार्थ्यांना दोर वळायला शिकवतात असं शाल्मलीने कळवलं. काही वर्षं पुण्याला त्यांची नव्या वर्षाची कार्डं येत राहिली. मग यायची थांबली. शाल्मलीही तोवर क्योतो सोडून गेली होती. आर्गुनला एक पान उलगडलंय, हे मला शेवटच्या कार्डाने कळलं होतं.

चटई उभी केली त्या दिवशी मी प्राध्यापकांचा निरोप घेतला, बूट घातले आणि काचघराच्या दारापाशी वळून पाहिलं. कामं उरकून विद्यार्थी पांगले होते. चटईखालून सेन्सेईंचे दोन पाय बाहेर आले होते. मोजे त्यांनी काढून टाकले होते. टाचा वाळूत रुतल्या होत्या आणि पायाची बोटं सावकाश उघडत-मिटत होती, ऊन लागलेल्या तान्ह्या बाळासारखी.